खायचे दात, दाखवायचे दात

(मंडळाच्या वर्धापनदिनी डोणगाव येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या विदुषी बोलवायच्या, ही आपली नेहमीची रीत. यंदा ज्या यायच्या होत्या त्यांच्या घरी सुतक आले, म्हणून चिटणीसबाई परवा संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता तुम्हीच काहीतरी बोला." विषयही त्यांनी माझ्यावरच सोपवला. एकतीस वर्षे मी ह्या पंचक्रोशीतल्या शाळांतून मुले शिकवली. पण आज बोलणार आहे ते शिक्षणावर नव्हे, दातांवर. हसा, खुशाल हसा. हसताना तुमच्यापैकी किती जणींचा हात पदराकडे जातो ते मला इथून दिसते आहे, आणि त्या पदराविषयीच मला बोलायचे आहे.

मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते गेल्या वर्षभरात भाचीला घेऊन दंतवैद्याच्या खुर्चीपाशी बसून ऐकलेले, मागाहून वाचून ताडून पाहिलेले आणि थोडे स्वतःच्या तोंडाने भोगलेले आहे.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नाव सांगत नाही. ती आज इथेच मागच्या ओळीत बसली आहे आणि तिने तशी अटच घातली आहे. अकरा वर्षांची असताना हापशीवर पाणी भरायला गेली. दुसऱ्या मुलीच्या हातून दांडा सुटला आणि तो हिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, समोरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा उडाला. दात पडला नाही म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले, हळद दाबली, आणि प्रकरण मिटले. मिटले नव्हते. दोनेक वर्षांत तो दात आधी राखी आणि मग काळपट झाला. माराने दाताच्या आतली नस मरते, आणि ती मेली की दात असा रंग बदलतो, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होते?

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकते, कारण हापशी आणि लेकरे दोन्ही आपल्या घरोघर आहेत. अशा मारात दुधाचा नव्हे, पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो फेकू नका, मूळ घासू नका. वरच्या, दिसणाऱ्या भागाला धरून उचला, दुधाच्या वाटीत टाका आणि लेकराबरोबर तो दातही घेऊन तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा. तो पुन्हा जागेवर बसवता येतो.

तर ही मुलगी पुढे दहा वर्षे तळहाताआडून हसली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला नाटुकल्यात मुख्य काम दिले होते. ऐन वेळी ती नाही म्हणाली. मी वर्गशिक्षिका. मी तिला हट्टी म्हणून सगळ्यांसमोर बोलले. दाताचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर तिच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले. बहिणीने बचत गटातून कर्ज काढले. एका शहरात कोणी दंतवैद्य दाखवला, त्याने समोरच्या सहा दातांवर चिनीमातीचे पातळ पांढरे पापुद्रे बसवू म्हणून सांगितले. फोटो दाखवले. सिनेमातल्या नट्यांचे असतात तसे दात! गटाचे सगळे कर्ज त्यातच जाणार होते. मायलेकी खूश होत्या. आणि त्याच सुमारास एके दिवशी तिच्या पर्समध्ये मला मूठभर लवंगा सापडल्या.

लवंगा कशाला? तर उजवीकडची एक दाढ रात्री ठणकत होती. तिच्या शेजारच्या दाढेलाही कीड होती. घरी सांगितले असते तर गटाचे पैसे तिकडे गेले असते, म्हणून ती लवंग दाबून झोपत होती.

मी चिडले. म्हटले, "आधी दाढा. चेहऱ्याचे मग पाहू. खायचे दात गेले तर दाखवायचे काय कामाचे?" ती शांतपणे म्हणाली, "मावशी, माह्या तोंडात कोणी बॅटरी लावून दाढा पाह्यते का? दात सारे पाह्यतात." मी गुणांचे सौंदर्य वगैरे सांगू लागले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तू काहून बसवले होते समोरचे?"

भगिनींनो, आता माझी गोष्ट सांगणे आले.

मुलाच्या लग्नाआधी मी समोरच्या दोन दातांवर टोप्या बसवून घेतल्या होत्या. दात झिजले होते, मिसरीने कडा काळवंडल्या होत्या, आणि फोटोत विहीणबाईंच्या शेजारी उभे राहायचे होते. तेव्हाच्या दंतवैद्याने मला स्पष्ट सांगितले होते, की डाव्या बाजूच्या दाढा आधी करून घ्या. मी म्हटले, लग्न होऊ द्या. लग्न झाले, बारसे झाले, नातू शाळेत गेला. मग त्या दाढा भरण्याजोग्या राहिल्याच नाहीत. एकामागून एक काढाव्या लागल्या. डावी बाजू ओस पडली. वरची दाढ खालच्या रिकाम्या जागेत उतरू लागली, शेजारची कलली. दात शेजाऱ्याच्या आधाराने उभा असतो, हे मला तेव्हा कळले. मग मी पुढच्या दातांनीच चावू लागले. पुढचे दात तोडण्यासाठी असतात, दळण्यासाठी नव्हे. एका पंगतीत डिंकाचा लाडू तोडताना माझी टोपी सुटून द्रोणात पडली. शेजारच्या बाईंना वाटले, बदाम आहे. आजही ज्वारीची भाकर मी वरणात कुस्करल्याशिवाय खाऊ शकत नाही, आणि हुरड्याच्या दिवसांत शेतावर जायचे टाळते.

म्हणून मी भाचीवर चिडले होते. पण तिचा प्रश्नही खोटा नव्हता.

सुंदर दात कोणते, हे तरी कुठे ठरलेले आहे? आपल्याकडे सवाष्णींनी दात काळे करण्याची चाल होती, हे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. हिरडा, हिराकस वगैरे घालून दातवण करीत आणि दातांवर घासत. हिरड्याचा तुरटपणा आणि हिराकसातले लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी शाईही अशीच करीत. माझी आजी सांगे, तिच्या सासूच्या वेळी सवाष्णीचे पांढरे दात लोकांच्या डोळ्यांवर येत. जपानातही लग्न झालेल्या बायका दात काळे करीत. १८७० साली तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना ती चाल बंद करायला लावली आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. तेव्हा काळे म्हणजे शोभा, आज पांढरेशुभ्र म्हणजे शोभा. दाढेचे काम मात्र तेव्हाही दळण्याचेच होते.

अखेर आम्ही दुसरे मत घ्यायचे ठरवले. आपले गाव मेहकर–मालेगाव रस्त्यावर. हाच रस्ता एका अंगाने नागपूरला जातो, दुसऱ्या अंगाने छत्रपती संभाजीनगरला. दोन्ही ठिकाणी सरकारी दंत महाविद्यालये आहेत. नागपूरचे तर १९६८ सालापासून. तिथे शिकाऊ डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, रांग असते, चार चकरा जास्त होतात. पण खर्च पुष्कळच कमी. आम्हाला संभाजीनगर जवळ, म्हणून आम्ही पहाटेची एस.टी. धरली.

तिथल्या तरुण डॉक्टरणीने एक्स-रे काढला आणि कागदावर चित्र काढून जे समजावले ते मी तुम्हाला नारळावरून सांगते. दात नारळासारखा असतो. वर करवंटी, म्हणजे एनॅमल. शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. पण त्यात जीव नाही, म्हणून एकदा गेली की ती करवंटी पुन्हा येत नाही. हाड जुळते, कातडी भरून येते, एनॅमल नाही. तिच्या आत खोबरे, म्हणजे डेंटिन. आणि मध्ये पाणी असते तिथे नस. कीड खोबऱ्यापर्यंत असेल तर साफ करून भरता येते. ती पाण्यापर्यंत पोहोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो. मग नस काढून मुळाच्या नळ्या साफ करून बंद कराव्या लागतात. हेच ते रूट कॅनॉल. आणि असा उपचार केलेली दाढ आतून पोकळ, कमकुवत झालेली असते. तिच्यावर टोपी बसवली नाही तर एखाद्या दिवशी शेंगदाण्यानेही ती उभी चिरते. टोपी हा दाढेचा दागिना नव्हे, तिच्या घरावरचे छप्पर आहे.

मग मी पापुद्र्यांविषयी विचारले. ती म्हणाली, पापुद्रे वाईट नाहीत. पण ते बसवण्यासाठी बहुधा दाताची करवंटी पुढून थोडी खरवडावी लागते. हिच्या सहा दातांपैकी बिघडलेला आहे एक. एकासाठी पाच धड दात का खरवडायचे? आणि खरवडलेला दात मग जन्मभर कशाने तरी झाकूनच ठेवावा लागतो. पापुद्रा निघाला, तडकला, की नवा बसवा. मी घरी येऊन वाचले तेव्हा एक मौज कळली. हे पापुद्रे मुळात १९३० च्या सुमारास अमेरिकेत, हॉलिवुडच्या नटनट्यांसाठी चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने वापरात आणले. चित्रीकरणापुरते तात्पुरते चिकटवायचे; ते लावून जेवता येत नसे. दाखवायचे दात म्हणतात ते अक्षरशः हेच!

पुढे शास्त्राने मात्र आपल्यासारख्यांची सोय केली. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर ह्यांनी दाखवले, की सौम्य आम्लाने एनॅमल किंचित खरबरीत केले तर त्याला राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. १९६२ च्या सुमारास राफेल बोवेन ह्यांनी दाताच्या रंगाचे टिकाऊ भरण तयार केले. म्हणून आज तुटलेला कोपरा, धड भाग जवळजवळ न कापता, दाताच्याच रंगात बांधून काढता येतो. भाचीचा दात नेमका तसा होता. आतली मेलेली नस काढायची, दात आतून औषधाने उजळायचा आणि कोपरा बांधायचा. ह्याला शोभेचा उपचार म्हणायचे की दुरुस्तीचा? दोन्ही एकाच कामात झाले. आपण उगीच दोन पेट्या करतो.

एक ध्यानात ठेवण्याजोगी बारीक गोष्ट डॉक्टरणीने सांगितली. दात उजळायचा असेल तर तो भरण करण्याआधी उजळावा. उजळण्याचे औषध खऱ्या दातावर चालते. भरणावर किंवा टोपीवर नाही. आधी भरले आणि मग उजळले, तर दात एका रंगाचा आणि ठिगळ दुसऱ्या रंगाचे.

आता राहिला क्रमाचा प्रश्न, आणि इथे मी हरले. मला वाटले होते, डॉक्टरीण माझीच री ओढेल : आधी दोन्ही दाढा पुऱ्या करा, मग समोरचा. ती म्हणाली, "ठणका आणि पू आधी, त्यात तडजोड नाही. पण एकदा दाढ उघडून आतले साफ केले, औषध घालून तात्पुरती बंद केली, की ती थोडे दिवस थांबू शकते. पुढचा क्रम हिला विचारू." मग तिने माझ्याकडे न पाहता मुलीला विचारले, "तुला आधी काय हवंय?" इतक्या वर्षांत आम्ही कोणी तिला हे विचारले नव्हते. मुलगी म्हणाली, "समोरचा." मग त्या खेपेला दाढ शांत केली, पुढच्या दोन खेपांत समोरचा दात झाला, आणि मग दाढेच्या नळ्या भरल्या, शेजारच्या दाढेत साधे भरण झाले. गटाच्या कर्जापैकी बरेच पैसे शिल्लक राहिले.

दाखवण्याचा कार्यक्रम झाला का, हे तुम्ही विचारणारच. झाला. तिला मुलगा आवडला नाही. तिने तसे तोंडावर हात न ठेवता सांगितले, आणि माझ्या बहिणीने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला.

आता तुम्ही मला वाटेत थांबवून जे विचारता त्याविषयी थोडे बोलते.

आपल्यातल्या काही जणी यवतमाळकडच्या. त्यांच्या माहेरच्या गावी मुलांच्या दातांवर तपकिरी, खडूसारखे पट्टे असतात आणि आई बिचारी राखुंडीने घासघासून थकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तो डाग दातावर बसलेला नसतो. हिरडीखाली दात घडत असतानाच तो आत उतरतो. म्हणून घासून जात नाही, आणि त्यात मुलीचा गलिच्छपणा काही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याला १९०१ पासून हेच कोडे पडले होते. १९३१ साली पाण्यातले फ्लोराइड हे कारण सापडले. गंमत अशी, की ते डागाळलेले दात किडत मात्र कमी. कळकट पण धड! डाग हलके असतील तर वरवर घासून किंवा थोडे भरण लावून पुष्कळ झाकता येतात. पण आपल्या मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम घातली आहे, दुसरे पाणीच नसेल तर १.५, ते पाणी तपासून न घेता नुसते दात रंगवले, तर पाठचे भावंड तसेच डाग घेऊन येणार. आणि जास्त फ्लोराइड पुढे हाडांनाही धरते.

मिसरीविषयी मी नावे घेत नाही. माझीही होती, सोडायला तीन वर्षे लागली. ती जळकी तंबाखूच आहे. दात काळे करते तेवढेच नव्हे, हिरडी खाली सरकवते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट देते. दात पिवळे-काळे झाले म्हणून उजळणीचे पैसे विचारायला जाण्याआधी साधी सफाई करून घ्या. अर्धे काळेपण त्या थरातच असते. सफाईने दात हलतात हे आपल्याकडे घट्ट रुजलेले आहे. खरे असे, की दात आधीच हललेले असतात. त्या दगडासारख्या थराने ते एकमेकांना चिकटून उभे असतात. थर निघाला की हलणे कळते, एवढेच. आणि तो थर राहू दिला तर हिरडी आणखी सुटत जाते.

चांदी भरली आहे, ती विषारी का, असे एका मावशींनी विचारले. त्या भरणात चांदीबरोबर पारा असतो हे खरे. युरोपीय संघाने २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ बंद केला, मुख्यतः पारा पाण्या-मातीत जाऊ नये म्हणून. पण धड बसलेली चांदी उगीच उकरून काढू नका. उकरताना दात जास्त जातो.

आणि बाजारात पेटी मांडून जो "अर्ध्या तासात पक्का दात" बसवून देतो, त्याच्यापुढे कृपा करून तोंड उघडू नका. तो शेजारच्या दोन दातांना तार आणि मसाला थापून मधला दात उभा करतो. तो दात काढून घासता येत नाही. खाली अन्न सडते, आणि एकाच्या जागी तीन दात जातात. आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंचे तसे झाले. नोंदणी असलेला दंतवैद्य कवळी करून देतो. ती रात्री काढून धुवायची असते. ज्यांना जमेल त्यांच्यासाठी हाडात धातूचे मूळ रोवून दात बसवण्याची रीतही आहे. स्वीडनमध्ये १९६५ साली ब्रॉनेमार्क ह्यांनी पहिल्या रुग्णावर ती केली. माझ्या पेन्शनीला ती परवडेना, म्हणून मी कवळीचे माप दिले आहे.

दंतवैद्यापुढे आपण बायका गप्प बसतो. तोंड उघडे असते म्हणून बोलता येत नाही हे खरे. पण तोंड उघडण्याआधी विचारता येते. हे केले नाही तर काय होईल? ह्यात धड दात किती कापला जाईल? हे बिघडले तर मागे फिरता येईल का? मी ह्या तीन प्रश्नांची चिठ्ठी करून पदराला बांधून नेली होती. डॉक्टरणीला राग आला नाही. तिने ती चिठ्ठी मागून घेतली.

भाचीचे एक काम अजून उरले आहे. रूट कॅनॉल केलेल्या दाढेवर टोपी बसलेली नाही. ठणका गेला, समोरचा दात झाला, हसू मोकळे झाले, आणि बाईसाहेब "पुढच्या महिन्यात" म्हणू लागल्या. माझ्याच बहिणीची मुलगी ती! तात्पुरत्या भरणाला चार महिने होत आले. म्हणून सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने मी तिला घेऊन निघते आहे, ती मागे बसून कितीही मान हलवो. माझ्या कवळीचेही माप त्याच दिवशी पुन्हा पाहायचे आहे. आणखी कोणाला यायचे असेल तर चहाच्या वेळी मला सांगून ठेवा. केसपेपरसाठी आधार कार्ड, जुने कागद असतील तर ते, आणि वाटेत खायला काहीतरी मऊ घ्या.